फुलराणीचं पुढे काय झालं?

एक गरीब, फटकळ, रस्त्यावर फुलं विकणारी मुलगी. एक विद्वान, तिरसट, भाषेचा प्राध्यापक. तो मित्राशी पैज लावतो, की या पोरीला सहा महिन्यांत असं बोलायला शिकवीन, की बड्या घरच्या बायकांत ती सहज खपून जाईल. मुलगी शिकते. पैज जिंकली जाते. आणि मग?

मैत्रिणींनो, हा 'आणि मग?' गेली शंभरहून जास्त वर्षं लोकांना भांडायला लावतोय. मूळ नाटक जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचं, 'पिग्मॅलियन'. आपल्याला ते माहीत आहे ते पु. ल. देशपांड्यांच्या 'ती फुलराणी'मुळे. नाटक हसवतं, भरपूर हसवतं. पण जेव्हा जेव्हा ते पडद्यावर आलं, तेव्हा करणाऱ्यांचा हात एकाच जागी अडला. शेवट! ही मुलगी शेवटी जाते कुठे?

गोंदियातल्या आमच्या भिशीतही यावरून चांगलीच जुंपली. आम्ही अकरा जणी. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, चिठ्ठी काढायची, चिवडा-चहा झाला की घरी. एकदा एका निवृत्त शिक्षिका असलेल्या काकूंनी सुचवलं, नुसत्या गप्पा किती मारायच्या? एक गोष्ट घेऊ आणि तिचे सगळे सिनेमे ओळीने पाहू. आधी कुरकुर झाली. "इंग्रजी आम्हाले का समजते बाप्पा!" पण काकू मधे मधे थांबवून मराठीत सांगायला तयार झाल्या आणि आमचा फुलराणी महोत्सव सुरू झाला.

शॉसाहेबांचा राग

आधी थोडी माहिती. पिग्मॅलियन हा ग्रीक दंतकथेतला शिल्पकार. त्याने एका स्त्रीचा पुतळा घडवला आणि त्याच पुतळ्याच्या तो प्रेमात पडला. देवीच्या कृपेने पुतळा जिवंत झाला, दोघांचं लग्न झालं. शॉ यांनी ही कथा घेतली आणि उलटी केली. पुतळा जिवंत झाल्यावर जर म्हणाला, की मला घडवलंस म्हणून मी तुझी झाले नाही, तर?

नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं १९१३ साली, तेही व्हिएन्नामध्ये, जर्मन भाषेत. लंडनला आलं १९१४ मध्ये. फुलवाल्या एलायझाचं काम मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल या नटीने केलं. तेव्हा तिचं वय होतं ४९! विशीच्या आतबाहेरची फुलवाली ४९ वर्षांच्या बाईने केली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. रंगभूमीची हीच तर गंमत आहे. समोरच्या बाईने "मी अठराची" म्हटलं, की आपण मान डोलावतो. कॅमेऱ्यासमोर हे चालत नाही. तो जवळ येतो आणि सुरकुत्या मोजतो.

लंडनच्या प्रयोगात प्राध्यापक झालेले नट होते हर्बर्ट बीरबोम ट्री. शॉ यांच्या लेखनात शेवटी एलायझा ताठ मानेने निघून जाते. ट्री यांनी मात्र पडदा पडता पडता तिच्याकडे फुलं फेकायला सुरुवात केली. म्हणजे प्रेक्षकांनी समजून घ्यायचं, की आता सनई-चौघडे! शॉ यांचा तिळपापड झाला. नट म्हणत होते, माझ्या शेवटामुळे तर तिकिटं खपतात. लेखक म्हणत होता, तुझ्या शेवटामुळे माझं नाटक बुडालं.

१९१६ मध्ये शॉ यांनी नाटक पुस्तकरूपाने छापलं तेव्हा मागे एक लांबलचक टिपण जोडलं. एलायझाचं पुढे काय झालं, याची सगळी हकिगत! ती प्राध्यापकाशी लग्न करत नाही. तिच्यावर जीव टाकणाऱ्या, पण कमाई शून्य असलेल्या फ्रेडीशी करते. आणि फुलांचं दुकान काढते.

या टिपणातला दुकानाचा भाग काकूंनी आम्हाला वाचून दाखवला, तेव्हा भिशीत पहिल्यांदा पूर्ण शांतता झाली. कारण त्यात नुसतं 'दुकान काढलं आणि सुखाने नांदू लागली' असं नाही. भांडवल प्राध्यापकाचा कर्नल मित्र देतो. दुकान धड चालत नाही, कारण दोघांनाही हिशेब येत नाही. कर्नलला पुन्हा पुन्हा पैसे घालावे लागतात. मग नवरा-बायको संध्याकाळच्या वर्गांना जातात, हिशेब ठेवायला शिकतात. आणि पुढे फुलांबरोबर भाजीही ठेवायला लागतात. तिथून दुकान सावरतं!

"ह्ये खरं हाय," आमच्यातली एक म्हणाली. तिचं बाजारात फुला-हारांचं छोटं दुकान आहे. "नुसत्या फुलावर घर नाही चालत. मी बी नारळ-अगरबत्ती ठेवली, तवा दोन पैसे दिसले." शंभर वर्षांपूर्वीच्या साहेबाला गोंदियाच्या बाजारातलं गणित कसं कळलं, याचंच तिला नवल!

सपाता कुठे आहेत?

आता सिनेमाकडे येऊ. १९३८ मध्ये 'पिग्मॅलियन' इंग्रजी बोलपटात आलं. निर्माते गॅब्रिएल पास्कल, दिग्दर्शक अँथनी ॲस्क्विथ आणि लेस्ली हॉवर्ड. प्राध्यापकाचं कामही हॉवर्ड यांनीच केलं आणि एलायझा झाली वेंडी हिलर. पटकथेत शॉ यांचा स्वतःचा हात होता.

नाटकातून सिनेमा करताना काय मिळतं ते या चित्रपटात छान दिसतं. नाटकात एलायझाची खरी परीक्षा, ती मोठी मेजवानी, रंगमंचावर येतच नाही. ती होऊन जाते आणि लोक घरी आल्यावर आपल्याला कळतं. सिनेमात तो सगळा थाट, जिने, झुंबरं, सरदार-दरकदार समोर उभे राहतात. शिकवणीचंही तसंच. सकाळ, दुपार, रात्र, तेच ते उच्चार, तोंडात गोट्या, थकलेला चेहरा. नाटकात हे दाखवायला तास लागला असता, कॅमेरा दोन-तीन मिनिटांत उरकतो.

आणि जातं काय? हशा. नाटकातला नट हशासाठी थांबतो. लंडनच्या पहिल्या प्रयोगात सभ्य बायकांच्या चहापानात एलायझाच्या तोंडून एक रस्त्यावरची शिवी निघाली, तेव्हा लोक इतका वेळ हसत राहिले, की नाटक खोळंबलं. सिनेमातली एलायझा आपल्यासाठी खोळंबत नाही. आपण हसत बसलो, तर पुढचं वाक्य गेलं. आपल्या झाडीपट्टीतल्या नाटकात विनोदी नटाला मंडपातून दाद मिळाली, की तो तोच प्रसंग लांबवत नेतो, समोरच्या काकाला सुद्धा त्यात ओढतो. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती झाडीपट्टीवर आयुष्यभर काम करून. अशा नटाचं काम कॅमेऱ्यात पकडायचं म्हणजे मंडपातले लोकही पकडायला हवेत.

पण १९३८ च्या सिनेमाचा शेवट! शॉ यांना हवा होता तो शेवट निर्मात्याने गुपचूप बाजूला ठेवला. पडद्यावर एलायझा प्राध्यापकाकडे परत येते आणि तो पाठमोरा बसून विचारतो, माझ्या सपाता कुठे आहेत? सिनेमा संपला. पुढे १९३९ मध्ये याच चित्रपटाच्या पटकथेसाठी शॉ यांना ऑस्कर मिळालं. नोबेल त्यांना १९२५ सालचं आधीच मिळालेलं होतं. सन्मान दारात आला, पण शेवट काही हातात राहिला नाही.

१९५६ मध्ये याच नाटकावरून अमेरिकेत 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक आलं. ज्युली अँड्र्यूज त्यात एलायझा होती. १९६४ मध्ये त्याचा भव्य रंगीत सिनेमा झाला आणि त्याला ८ ऑस्कर मिळाले. पण सिनेमात ज्युलीला घेतलं नाही. पडद्यावर ती तेवढी प्रसिद्ध नव्हती ना! घेतलं ऑड्रे हेपबर्नला. ऑड्रेची बहुतेक गाणी मात्र मार्नी निक्सन या गायिकेच्या आवाजात आहेत. बघा, गोष्ट काय, तर एका मुलीला तिचा आवाज सापडतो. आणि त्या मुलीच्या तोंडी आवाज दुसरीचा! ज्युलीला त्याच वर्षीच्या 'मेरी पॉपिन्स'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. आमच्या भिशीत या बातमीवर टाळ्या पडल्या.

या सिनेमाच्या शेवटीही सपाताच. आणि इथेच आमच्यात दोन तट पडले.

"काहून देईल ती सपाता? त्याचे हात का मोडले हायेत?" हा एक तट.

"अगं, त्यांचं प्रेम आहे. प्रेमात कोण सपाता मोजतं?" हा दुसरा.

तिसरी एक शांतपणे म्हणाली, "प्रेम असेलही. पण त्याने एकदा तरी तिच्या चपला शोधून दिल्या का?"

पुलंची मंजुळा

'ती फुलराणी' १९७५ मध्ये आली. नाव बालकवींच्या प्रसिद्ध कवितेची आठवण करून देणारं. एलायझाची झाली मंजुळा साळुंके आणि प्राध्यापक झाला अशोक जहागीरदार. भक्ती बर्वे आणि सतीश दुभाषी यांनी या भूमिका गाजवल्या.

पुलंनी नुसतं भाषांतर केलं असतं, तर नाटक पहिल्याच अंकात आपटलं असतं. कारण लंडनची फुलवाली शब्दातला 'ह' खाते, यावर मराठी माणूस का हसेल? आपल्याकडे माणसाची जात, गाव, शाळा सगळं पकडलं जातं ते 'न' आणि 'ण' मध्ये. आणि-आनि, पाणी-पानी. एक अक्षर इकडचं तिकडे झालं, की समोरच्याच्या कपाळावर आठी. पुलंनी आपल्या समाजातली ती आठी ओळखली, म्हणून नाटक आपलं झालं.

भक्ती बर्वे २००१ मध्ये अपघातात गेल्या. पण मंजुळाचं ते प्राध्यापकाला सुनावणारं लांब स्वगत अजून जिवंत आहे. कोणत्याही शाळा-कॉलेजातल्या एकपात्री स्पर्धेला जाऊन बसा, एक तरी मुलगी ते करतेच. मुली ते का निवडतात? टाळ्या मिळतात म्हणून, हे खरंच. पण मला वाटतं, जे घरात बोलता येत नाही ते स्टेजवर मोठ्याने बोलता येतं, म्हणूनही.

हिंदीत १९८० मध्ये याच गोष्टीवर बासू चॅटर्जींचा 'मनपसंद' आला, देव आनंद आणि टीना मुनीम यांचा. आणि मराठी पडद्यावर २०२३ मध्ये विश्वास जोशी यांचा 'फुलराणी' आला. सुबोध भावे विक्रम राजाध्यक्ष आणि प्रियदर्शिनी इंदलकर शेवंता तांडेल. इथे मेजवानीच्या जागी सौंदर्यस्पर्धेचं जग आहे. काळ बदलला, की परीक्षा बदलते. पूर्वी मुलीला सरदारांच्या दिवाणखान्यात पास व्हावं लागे, आता कॅमेऱ्यासमोर. त्याचा शेवट इथे सांगत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी बघावा आणि आपापल्या भिशीत भांडावं!

'मी येतो' म्हणणाऱ्या बायका

आता हे सगळं मी गोंदियात बसून का सांगतेय?

आपला जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. एका बाजूला मध्य प्रदेश, एका बाजूला छत्तीसगड. एकाच गल्लीत झाडीबोली, पोवारी, हिंदी, छत्तीसगढी ऐकू येते. देवरी-सालेकसाकडे गेलं, की गोंडी. आपल्या झाडीबोलीत 'ण' चा 'न' होतो, 'ळ' चा 'र' होतो. डोळ्याला आपण डोरा म्हणतो. आणि आपल्याकडच्या बायका सरळ म्हणतात, "मी येतो", "मी जातो". आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. आपल्या आज्याही तसंच बोलल्या.

माझी भाची नोकरीसाठी पुण्याला गेली. पहिल्याच आठवड्यात ऑफिसात "मी दहा मिनिटांत येतो" म्हणाली आणि आजूबाजूचे हसले. कुणीतरी विचारलं, तू मुलगा आहेस का? पोरगी हुशार. दोन महिन्यांत तिने जीभ वळवली. येते, जाते, आणि, पाणी, सगळं चोख. पण झालं काय, की घरी फोन केला तरी ती तसंच बोलायला लागली. माझी ताई एकदा डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "पोरगी घरून बोलते का बँकेतून बोलून राहिली, समजतच नाही मले."

तुम्ही हसाल. आम्हीही हसलो. पण ताईला हसू येत नव्हतं. तिला वाटत होतं, पोरीला आता आपली लाज वाटते. भाषेवरून सुरू झालं, उद्या आईच्या लुगड्यावर येईल, परवा घरावर. त्यातून फोन कमी झाले. ताई बोलायला बिचकायची, आपलं काही चुकेल म्हणून. आपल्याच लेकीशी बोलताना आईने व्याकरण सांभाळायचं! यापेक्षा वाईट ते काय?

शॉ यांच्या नाटकाच्या शेवटच्या अंकात एलायझा नेमकं हेच दुखणं सांगते. परक्या देशात नेलेलं मूल जसं थोड्याच दिवसांत आपली भाषा विसरतं तशी मी माझी विसरले, आता मला तुमच्याशिवाय दुसरं काही बोलता येत नाही, अशा अर्थाचं. सिनेमातल्या झगमगाटात, गाण्यांत, टोप्यांत हे दोन ओळींचं दुखणं वाहून जातं. नाटकातला खरा प्रश्न मात्र तोच आहे. शिकली, चांगलं झालं. पण जिथून निघाली तिथे तिला परत येता येतं का?

दिवाळीत भाची घरी आली. मंडईचे दिवस होते. गावोगावी मंडई, रात्री नाटक. त्यातच आमच्या भिशीचा सिनेमाचा दिवस आला आणि तीही येऊन बसली. संपल्यावर सपातांवर वाद चालू असताना मधेच म्हणाली, "मावशी, त्या प्राध्यापकाने तिले दुसरी भाषा शिकवली, ठीक हाय. पण पहिली खोडून काहून टाकली? तिले दोन्ही येऊ दिल्या असत्या तर?"

'तिले' आणि 'काहून' ऐकून ताईने एकदम वर पाहिलं. बोलली काहीच नाही, फक्त तिच्या ताटलीत आणखी एक करंजी ठेवली.

आता भाची ऑफिसात 'येते' म्हणते आणि घरी 'येतो'. मधली गाडी ती स्वतःच बदलते, गोंदिया स्टेशनवर बदलतात तशी.

आपली फुलराणी

शॉ यांचा प्राध्यापक लोकांचे उच्चार वहीत टिपतो, पण त्या लोकांना कचरा समजतो. आपल्याकडे डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचे शब्द गोळा केले, ते ही बोली गावंढळ नाही, तिला तिचं व्याकरण आहे, हे दाखवायला. वही तीच, नजर वेगळी. आणि सगळा फरक त्या नजरेचाच तर आहे.

म्हणून आमच्या भिशीने शेवटच्या दिवशी एक खेळ केला. फुलराणी गोंदियात घडली असती तर? तिने काय विकलं असतं? एक म्हणाली, गुलाब-मोगरा कशाला, आपल्याकडे फूल म्हणजे मोहाचं! चैत्रात पहाटे टोपली घेऊन जंगलात जाणारी, मोहफुलं वेचून वाळवणारी पोर. तिला एखादा शहरी साहेब भेटतो. पैज लागते. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे मात्र प्रत्येकीची गोष्ट वेगळी. कुणी तिला कलेक्टर केलं. कुणी झाडीपट्टीच्या नाटकात नायिका केलं. फुलांच्या दुकानवालीने तिला बचत गटातून कर्ज काढून दिलं आणि मोहफुलांचे लाडू विकायला बसवलं. "पण हिशेब आधी शिकव म्हणा," तिने बजावलं, "नाहीतर ते कर्नलचे पैसे घालत बसावं लागेल."

अकरा जणींचे अकरा शेवट झाले. साहेबाच्या सपाता शोधायला मात्र एकीनेही तिला परत पाठवलं नाही. दुसऱ्या तटातल्या, प्रेमवाल्या मैत्रिणीनेही नाही! तिने साहेबालाच गोंदियात आणून मोह वेचायला लावलं.

मैत्रिणींनो, पुढच्या भिशीला तुम्हीही हा खेळ करून बघा. मुलींना, सुनांना, आज्यांना सोबत बसवा. तुमची फुलराणी काय विकते, कोणत्या भाषेत भांडते आणि शेवटी कुठे जाते ते विचारा. आणि हो, ज्या भाषेत उत्तर येईल त्याच भाषेत ते ऐकून घ्या. मधे कुणाचा 'न' सुधारू नका.